नळीत शिसं का बसतं?

(हिंगोलीत दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, भाषा शक्यतो वक्त्याचीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



माझ्या हातात ही प्लास्टिकची पिशवी आहे, तिच्यात एक चिंधी आहे. मागच्यांना दिसत नसेल तर सांगतो. चिंधीवर जे काळं आहे ती बंदुकीच्या दारूची काजळी. आणि हे जे मधे मधे चकाकतंय, चॉकलेटच्या वेष्टनाचे बारीक कपटे असावेत तसं, ते शिसं आहे. एका रिव्हॉल्व्हरच्या नळीतून निघालेलं. पिशवी पुढे फिरवतो, पण उघडू नका. का ते शेवटी बोलू.

हिंगोलीत या विषयावर बोलायचं म्हणजे अगदीच परक्या गावात परकी गोष्ट सांगण्यासारखं नाही. हे गाव 1903 पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होतं. आज राज्य राखीव पोलीस बलाचा बारा नंबरचा गट इथंच आहे. फौजेतून आणि पोलिसातून निवृत्त झालेले कितीतरी लोक इथं बसलेले मला दिसतायत, काहींकडे स्वतःचं परवान्याचं हत्यारही असेल. परवान्यावर मिळणारं .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे चांगलंच ओळखीचं आहे, आणि त्याचं जे काडतूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतं, त्याची गोळी उघड्या शिशाची असते. वर तांब्याचं कवच नाही. म्हणजे आजचा विषय तुमच्या कपाटातल्या वस्तूचाच आहे.

मी नोकरीत बरीच वर्षं कोतमध्ये काढली, हत्यारं साफ करण्यात आणि दुरुस्त करण्यात. निवृत्तीनंतर एका परवानाधारक कारागिराच्या दुकानात जाऊन बसायचो. तिथं एकदा हळदीचे एक व्यापारी आले. रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बॅरल गेलंय. पहिल्या दहा-बारा गोळ्या बरोबर लागतात, मग कुठंही जातात." नळीतून उजेड पाहिला. पुढची तीन-चतुर्थांश नळी स्वच्छ होती, खाचा सुरेख दिसत होत्या. पण सिलिंडरच्या लगेच पुढं, जिथं गोळी नळीत शिरते तिथं, करड्या रंगाची साय धरली होती. खाचा बुजल्या होत्या. बॅरल गेलं नव्हतं, त्यात शिसं बसलं होतं.

व्यापाऱ्यांनी कारणही स्वतःच सांगून टाकलं. "शिसं मऊ असतं ना, घासलं जातं. कडक गोळी मिळाली तर हा त्रास जाईल." दहापैकी नऊ जण हेच सांगतात. मीही नोकरीच्या सुरुवातीला हेच समजत होतो. आणि हे बहुतेक वेळा चूक असतं.

आता थोडं नळीत डोकावू या.

शेतात ज्यांनी हातपंप उघडलाय त्यांना वायसर माहीत आहे. दांड्याला चामड्याची वाटी असते, ती नळीला चारही बाजूंनी घट्ट बसते, म्हणून पाणी वर येतं. वायसर झिजलं की दांडा कितीही हलवा, पाणी बाजूनं खाली उतरतं. बंदुकीची गोळी म्हणजे असं एक वायसरच आहे. मागं दारू जळून गॅस तयार होतो, तो गोळीला पुढं ढकलतो. .32 च्या काडतुसात हा दाब जास्तीत जास्त किती, तर दर चौरस इंचाला 15,000 पौंड, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या साधारण हजारपट. आणि त्या गॅसचं तापमान दोन हजार अंशांच्या पुढं असतं. शिसं वितळतं 327 अंशांना. गोळी नळीला घट्ट बसली असेल तर गॅस फक्त तिच्या बुडाला भिडतो, तोही एखाद-दोन हजारांश सेकंद. तेवढ्यात शिशाला काही होत नाही. पण गोळी जरा जरी बारीक असेल, तर गॅस तिच्या कडेनं पुढं निसटतो. अरुंद फटीतून, प्रचंड वेगानं. गॅस कटरची ज्योत पत्र्यावरून फिरावी तसा तो गोळीची कड खात जातो. ते शिसं बारीक फवाऱ्यासारखं गोळीच्या पुढच्या नळीवर उडतं आणि चिकटतं. मागून येणारी गोळी त्याच्यावरून जाते, इस्त्री केल्यासारखी ते दाबून बसवते. पुढच्या राउंडला त्याच खरखरीत जागी आणखी शिसं खरवडलं जातं. दहा-बारा राउंडमध्ये नेम जाण्यासारखा थर तयार होतो.

म्हणजे शिसं घासलं जातं हे खोटं नाही, पण सुरुवात बहुतेक वेळा घासण्यानं होत नाही. सुरुवात गळतीनं होते.

गोळी किती बारीक असली की गळते? मापं सांगतो, कारण गंमत मापातच आहे. .32 च्या नळीत खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंतचं अंतर साधारण .312 इंच, म्हणजे 7.92 मिलिमीटर. शिशाची गोळी त्याहून एक हजारांश इंच जाड असावी, असं जगभरचे गोळी ओतणारे मानतात. हजारांश इंच म्हणजे 0.025 मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड असतो. गोळी एवढीशी जाड असली तर नळीत शिरताना दाबली जाते, खाचा भरून काढते आणि फट राहत नाही. केसभर बारीक राहिली की गळती सुरू.

व्यापाऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरचं माप असंच घेतलं. पद्धत जुनी आणि साधी आहे. हत्यार रिकामं आहे याची दोनदा खात्री करायची, सिलिंडर काढून घ्यायचा, नळीला तेलाचं बोट लावायचं आणि निव्वळ मऊ शिशाचा एक तुकडा लाकडी दांड्यानं ठोकत हळूहळू नळीतून पार करायचा. बाहेर येतो तेव्हा त्यावर नळीचा ठसा असतो. मायक्रोमीटरनं मोजलं, .313 इंच. ठीक. मग सिलिंडरच्या सहाही घरांची तोंडं मोजली. ती निघाली .310.

रिव्हॉल्व्हरची अडचण ही आहे की त्यात नळीच्या आधी आणखी एक नळी असते. गोळी सिलिंडरच्या घरातून सुटते, घराच्या अरुंद तोंडातून जाते, मग मोकळी फट ओलांडून बॅरलच्या नरसाळ्यासारख्या मुखात शिरते. तोंड .310 असेल तर कारखान्यातून .313 ची गोळी आली तरी ती तिथं पिळून .310 ची होते. आणि मग .313 च्या नळीत सैल धावते. व्यापाऱ्यांनी कितीही कडक गोळी आणली असती तरी ती त्याच तोंडातून गेली असती. उलट अधिक शिसं बसलं असतं. ते कसं, ते थोड्या वेळानं. दुकानातल्या कारागिरानं सहाही तोंडं बेतानं मोठी केली, .313 पर्यंत. हे काम घरी करायचं नाही, एकदा जास्त कापलं गेलं की सिलिंडर वाया. आणि कायद्यानंही हत्याराची दुरुस्ती परवानाधारकानंच करायची असते. वर्षभरानं व्यापारी पुन्हा आले, नेहमीची साफसफाई करून घ्यायला. नळीच्या मुखाशी साय नव्हती.

आता थोडं मागं जाऊ, कारण गोळी घट्ट बसवायची की सैल ठेवायची हा प्रश्न आपल्या इतिहासात एकदा फार महागात पडलेला आहे.

1819 च्या जानेवारीत नोवसाजी नाईकांच्या नोव्ह्याच्या किल्ल्याला निजामाच्या फौजेनं वेढा घातला. त्या लढाईचा 'नोव्हा' नावाचा युद्धसन्मान पुढं कंटिंजंटच्या पलटणींना मिळाला. तेव्हाच्या पायदळाच्या हातातली बंदूक म्हणजे तोंडातून भरायची, गुळगुळीत नळीची मस्केट. तिची नळी पाऊण इंचाची आणि गोळी त्याहून बरीच लहान, मुद्दाम सैल. काजळी कितीही धरली तरी गोळी गजानं खाली ढकलता आली पाहिजे ना. सैल गोळी म्हणजे गॅस बाजूनं वाया, नेम नाही, पण भरणं झटपट. घट्ट गोळीची रायफल होती, ती भरायला फार वेळ लागायचा. दोन्ही एकत्र कसं साधावं यावर युरोपातल्या लष्करांनी कित्येक वर्षं डोकं घातलं. इंग्रजांच्या नॉर्टन नावाच्या कॅप्टनला एक कल्पना दक्षिण हिंदुस्थानात सुचली असं सांगतात. तिथले लोक फुंकनळीनं बाण मारायचे, बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ गर असायचा, फुंकर बसली की तो गर फुगून नळी बंद करायचा. पुढं 1849 मध्ये फ्रान्सच्या मिनिएनं पोकळ बुडाची शिशाची गोळी काढली. भरताना सैल, आणि दारू पेटली की बूड फुगून नळीला घट्ट. आपलं वायसरच, फक्त वेळेवर फुगणारं.

याच वंशातली 1853 ची एनफिल्ड रायफल. .577 ची नळी, सुरुवातीला .568 ची गोळी. फरक किती, नऊ हजारांश इंच. लंडनच्या हवेत चालून गेलं. पण काळ्या दारूची काजळी घट्ट होत जाते, उष्ण कोरड्या हवेत तर खडखडीत. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावलेलं असायचं. कागद शिशाला पोलादापासून लांब ठेवायचा आणि वंगण काजळी मऊ ठेवायचं. त्या वंगणात मेण थोडं आणि चरबी जास्त. पुढचं तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. काडतूस दातानं फाडायचं होतं, आणि चरबी कोणत्या जनावराची याची चौकशी करायची तसदी वरिष्ठांनी घेतली नव्हती. जानेवारी 1857 च्या अखेरीस सरकारनं हुकूम काढला की काडतुसं कोरी द्यावीत, शिपायांनी आपापलं वंगण लावावं. पुढं दाताऐवजी हातानं फाडायची कवायत आणली. तोवर विश्वास उडालेला होता.

मला यात एका गोष्टीचं नेहमी नवल वाटतं. हा प्रश्न नुसत्या वंगणापुरता पाहिला तर त्याला चरबीची गरज नव्हतीच. मधमाशीचं मेण जास्त चांगलं काम करतं. ते साधारण 62 ते 65 अंशांना वितळतं, चरबी त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडते, शिवाय तिच्यातल्या आम्लानं शिशावर पांढरा गंज चढतो. ब्रिटिशांनीही पुढं वंगणात मेण वाढवलं आणि गोळीचा व्यास .55 इंचापर्यंत उतरवला. म्हणजे बंड झालं त्या काडतुसाची दोन्ही मापं, वंगणाचं आणि गोळीचं, नंतर त्यांनीच बदलली. 1857 चं कारण एवढंच होतं असं मी म्हणत नाही, इतिहासाचे अभ्यासक माझा कान धरतील. पण काडतुसापुरतं बोलायचं तर ते वंगण हिंदुस्थानच्या हवेचा विचार न करता ठरवलेलं होतं.

मेणाचं आजही तेच स्थान आहे. परदेशात जे लोक छंद म्हणून गोळ्या ओततात ते गोळीच्या अंगाला आडव्या खाचा ठेवतात आणि त्यात मेण आणि तेल यांचं मिश्रण भरतात. गोळी धावताना हे वंगण दाबानं बाहेर येतं, नळीवर पातळ थर देतं आणि बारीकसारीक फटी बुजवतं. अलीकडे काही जण गोळीवर भट्टीत भाजलेला रंगाचा थर देतात, आपल्याकडे लोखंडी खिडक्यांना पावडर कोटिंग करतात ना, तेच. आपल्या हवेसाठी एक सूचना. हिंगोलीत मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. तिथं काडतुसं ठेवली तर वंगण मऊ होऊन गोळीवरून ओघळतं, कधी आत दारूपर्यंत उतरतं. मग एक तर वंगण जिथं हवं तिथं राहत नाही, किंवा काडतूस अर्धवट पेटतं. काडतुसं घरात, थंड कोरड्या जागी, कुलपात.

आता कडकपणा. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण मघाशी "उलट अधिक शिसं बसलं असतं" म्हणालो ते अर्धवट सोडलंय.

निव्वळ शिसं फार मऊ. ब्रिनेल मोजणीत साधारण 5. त्यात कथील घातलं, वीस भाग शिशाला एक भाग, तर 10 च्या आसपास जातं. कथील म्हणजे आपल्या कल्हईवाल्याचंच. अँटिमनी घातलं की आणखी कडक. जुन्या छापखान्यांत खिळे असायचे, एकेक अक्षर जुळवून पान बांधायचे, निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी ओतलेल्या टाइपाची ख्याती तर सगळ्या महाराष्ट्रात होती. ते खिळे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचे. अक्षराची धार नीट उठावी आणि हजारो प्रती काढून झिजू नये म्हणून. लायनोटाइपचा धातू 22 च्या आसपास भरतो. साहजिकच लोकांना वाटतं, खिळ्यांच्या धातूची गोळी म्हणजे उत्तम गोळी.

पण मिनिएची युक्ती आठवा. बूड दाबानं फुगलं पाहिजे. ब्रिनेलचा आकडा दर चौरस मिलिमीटरला इतके किलो अशा एककात असतो. .32 चा दाब त्याच एककात मांडला तर जास्तीत जास्त साडेदहा किलो होतो. ढोबळ नियम असा, की गोळीचा कडकपणा या दाबाच्या आसपास किंवा त्याखाली असेल तर बूड थोडं फुगून नळी बंद करतं. 22 ची कडक गोळी साडेदहाच्या दाबाला ढिम्म हलत नाही. ती केसभर बारीक असेल तर शेवटपर्यंत बारीकच राहते, गळती शेवटपर्यंत चालू राहते. मऊ गोळी थोडी चूक पोटात घालते. कडक गोळी चूक माफ करत नाही.

याची उलट बाजूही खरी आहे, ती अमेरिकेत 1935 मध्ये दिसली. त्या वर्षी .357 मॅग्नम आलं. दाब .32 च्या दुपटीहून जास्त आणि वेगही फार. कारखान्यांनी त्यात नेहमीची मऊ शिशाची गोळी घातली आणि नळ्या शिशानं भरून जाऊ लागल्या. तिथं कडक मिश्रण लागलं, कुठं गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी बसवली गेली. म्हणजे कडकपणा दाबाला साजेसा हवा. जितका जास्त तितका चांगला असं नाही. साडीला फॉल शिवायची सुई आणि गोणी शिवायचा दाभण, कोण चांगलं असं विचारण्यात अर्थ नाही.

नळीत शिसं कुठं बसलंय ते पाहिलं तर निम्मं निदान तिथंच होतं. सिलिंडरच्या पुढं लगेच असेल तर गोळी बारीक आहे, किंवा तोंडं अरुंद आहेत, किंवा मुखाचं नरसाळं खरखरीत आहे. त्याच जागी, पण एकाच बाजूला असेल आणि बाजूला उभ्या माणसाच्या हाताला बारीक कण टोचत असतील, तर सिलिंडर नळीसमोर नेमका येऊन थांबत नाही, गोळीची एक बाजू तासली जातेय. असं हत्यार वापरणं त्याच क्षणी बंद करायचं. शिसं नळीच्या शेवटच्या भागात, टोकाकडे असेल तर वंगण तिथवर पुरलेलं नाही. आणि नळीभर, खाचांच्या कडांना धरून असेल तर गोळी वेगाच्या मानानं फार मऊ आहे, खाचांत वळण्याऐवजी सरळ घसरतेय. नळीच्या टोकावर करड्या वंगणाची चांदणी उमटलेली दिसली तर ती चांगली खूण समजतात.

साफसफाईबद्दल थोडक्यात. दारूची काजळी नेहमीच्या तेलानं आणि चिंध्यांनी निघते, शिसं निघत नाही. तांब्यासाठी बाजारात जी रसायनं मिळतात त्यांचाही शिशावर परिणाम होत नाही. नळीला तेल लावून रात्रभर ठेवायचं, म्हणजे ते थराखाली शिरतं. मग जुन्या पितळी ब्रशवर तांब्याच्या घासणीचे धागे गुंडाळून दांड्यानं फिरवायचं. शिसं सोलून निघतं, दहा मिनिटांचं काम. फक्त घासणी खरंच तांब्याची आहे का ते बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी घासण्या सर्रास मिळतात. लोहचुंबक लावा, चिकटली तर ती भांड्यांना ठेवा, नळीत घालू नका. पारा ओतायचा, शिसं पाऱ्यात विरघळतं, अशी एक जुनी शिकवण आहे. विरघळतं हे खरं, पण पाऱ्याची वाफ तुम्ही घेता. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण इंटरनेटवर सांगतात. त्यानं शिशाचं विषारी क्षार तयार होतं, त्वचेतूनही जाऊ शकतं, आणि पोलादही खाल्लं जातं. दोन्ही नको.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: आमच्याकडे एक जण सांगायचे, शिशाच्या गोळ्या मारून झाल्या की शेवटी दोन कवचाच्या गोळ्या मारायच्या, नळी आपोआप साफ होते.

उत्तर: हे मी पण ऐकलंय, आणि कृपा करून करू नका. थोडं शिसं निघतं, बाकीचं पोलादात आणखी दाबलं जातं. पण खरी भीती वेगळी आहे. शिसं भरलेली नळी म्हणजे अरुंद झालेली नळी. कवचाची गोळी कडक, ती सहज दाबली जात नाही, त्यामुळे मागचा दाब वाढतो. जुन्या हत्यारात तो किती वाढेल हे कोणी सांगू शकत नाही. याच्याच शेजारची दुसरी गोष्ट सांगतो. ओलीत राहिलेलं काडतूस कधी नुसतं "फुस्स" करतं आणि गोळी नळीतच अडकते. आवाज वेगळा आला की थांबायचं. हत्यार सुरक्षित दिशेला धरून ठेवायचं, अर्धा मिनिट जाऊ द्यायचं, रिकामं करायचं आणि नळीतून उजेड बघायचा. त्यावर दुसरी गोळी मारली की नळी फुगते किंवा फाटते. फुगलेल्या नळ्या मी पाहिल्यात.

प्रश्न: घरी गोळ्या ओतता येतात का? शिसं तर भंगारात मिळतं.

उत्तर: ओतणं अवघड नाही म्हणूनच स्पष्ट सांगतो. शस्त्र कायदा 1959, कलम 5. परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, आणि हत्याराचा परवाना म्हणजे दारूगोळा बनवण्याचा परवाना नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 25 खाली शिक्षा किमान सात वर्षांची, जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शिवाय भंगारातल्या शिशात बॅटरीच्या पट्ट्या येतात, त्या वितळवताना फार विषारी वायू निघू शकतो. मी आज ओतीव गोळीचं शास्त्र सांगितलं ते आपल्या हातातलं हत्यार आणि विकत घेतलेलं काडतूस समजावं म्हणून. तुमच्या हातात तीन गोष्टी आहेत, नळी आणि सिलिंडर जाणत्याकडून मोजून घेणं, काडतुसं उन्हापासून जपणं आणि थर वाढू न देता साफ करणं. कारखान्याच्या मऊ गोळ्या, खरं तर, ओतलेल्या नसतातच. शिशाच्या तारेचे तुकडे साच्यात दाबून घडवतात.

प्रश्न: मुलगी नेमबाजी शिकते. तिच्या पिस्तुलालाही हे लागू आहे?

उत्तर: हो, अगदी. ती .22 मारत असेल ना? मग तिची गोळी शिशाचीच आहे, वर मेणाचा हात असतो. 25 मीटरच्या पिस्तूल स्पर्धांत गोळी शिशाची किंवा तशाच मऊ धातूची असावी असा नियमच आहे. राही सरनोबतनं 2018 मध्ये पालेमबांगला आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेतलं ते याच प्रकारात, आणि कोल्हापूरकडच्याच स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं कांस्य घेतलं तेही .22 नंच. तिथं वेग कमी, गोळी मऊ, वंगण बेतशीर, नळी उत्तम, त्यामुळे शिशाचा त्रास फार कमी होतो. तिला एवढंच सांगा की एकदा जमलेलं काडतूस उगाच बदलू नये. नळीत एका प्रकारच्या वंगणाचा थर बसलेला असतो, दुसऱ्या प्रकारचं काडतूस घातलं की तो जमेपर्यंत नेम थोडा हलतो. आणि सरावानंतर लगेच डबा उघडून खायला बसू नये.

प्रश्न: ते का? आणि ती पिशवी उघडू नका म्हणालात ते?

उत्तर: दोन्हीचं कारण एकच. शिसं हे विष आहे, आणि ते शरीरात साठत जातं. लहान मुलांच्या मेंदूला त्याची सगळ्यात जास्त झळ बसते. नेमबाजाला ते गोळीतून मिळतं त्याहून जास्त धुरातून मिळतं, कारण काडतुसाच्या बुडातल्या पेटवणाऱ्या मसाल्यातही शिशाचं संयुग असतं. बंद रेंजवर हवा खेळती नसेल तर ते थेट फुप्फुसात जातं. म्हणून सराव झाला की हात आणि तोंड साबणानं धुवायचं, पाणी थंड घ्यायचं. कपडे वेगळे धुवायचे. रिकाम्या पुंगळ्या मुलांना खेळायला द्यायच्या नाहीत, आपल्याकडे फार हौसेनं देतात. हत्यार स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर साफ करायचं नाही. आणि या चिंध्या चुलीत किंवा अंगणात जाळायच्या नाहीत, त्यांचा धूर त्याहून वाईट. पिशवीत बांधून ठेवा, रेंजवर किंवा कारागिराकडे शिशाचा कचरा वेगळा जमा होतो, तिथं द्या. पिशवी शेवटच्या रांगेपर्यंत गेली असेल तर आता पुढं पाठवा बरं, मला ती परत न्यायचीय.